एस्पोझितो म्हणजे बाहेर ठेवलेला

मु. हिवरवाडी, नेकनूरनजीक,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८३८

राजमान्य राजश्री धर्मराजदादा, मु. आष्टी, यांसी धाकटे मेहुणे सुंदरराव पाटील यांचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आम्ही इकडे धडधाकट आहोत, आपणही तिकडे असाल असे धरून चालतो. धरूनच चालावे लागते, कारण आपल्याकडून उत्तर येण्याची चाल नाही. (तक्रार नव्हे. दर दिवाळीला एक याप्रमाणे माझी सोळा पत्रे आपल्याकडे जमा असतील. ही सतरावी खेप, आणि तीही दिवाळी सोडून, एवढ्यावरून मजकूर जरूरीचा आहे हे आपण ओळखालच.) आपला गुडघा कसा आहे? आष्टीच्या बाजाराहून परतलेला एक बैलवाला सांगत होता की आपण हल्ली घोडीवर चढताना ओट्याचा आधार घेता. त्यात कमीपणा नाही. मी तर उतरतानाही घेतो. इकडे ज्वारी हुरड्याला आली आहे, पाखरे माणसांआधी खाऊन जातात, आणि आपली बहीण तुळजाबाई सुखरूप असून तिने आपल्याला नमस्कार सांगितला आहे. म्हणजे सांगितला नाही, पण मी पत्र लिहायला बसलो तेव्हा ती उगीच तीनदा दारातून डोकावली, त्याचा अर्थ मी तसा लावतो.

दादा, आज मी मोकळा श्वास घेऊन लिहितो आहे. गेल्या मंगळवारी या सुमारास माझी पोलीस पाटीलकी जाणार हे नक्की झाले होते, आणि छबूचे लग्न मोडणार हेही. छबू म्हणजे तीच, जिच्यापायी आपण मोठ्या दुष्काळाच्या साली आमच्या घरी भरल्या ताटावरून उठलात. आता ती सोळा पुरी करून सतराव्यात आहे, आपल्या बहिणीच्या हाताखाली तयार झाली आहे आणि बोलण्यात आपल्या बहिणीच्या पुढे गेली आहे. तर ही दोन्ही संकटे टळली, आणि टळली ती एका इटालियन माणसाच्या आडनावामुळे. आपण म्हणाल, सुंदररावाला हुरडा बाधला. बाधलेला नाही. सगळे क्रमाने लिहितो.

गेल्या पंधरवड्यात पोलीस अमीनसाहेबांच्या कचेरीतून गावोगावच्या पोलीस पाटलांना हुकूम आला. सध्या विलायतेत मोठी लढाई चालली आहे हे आपल्याला मालूम असेलच. तर नगरच्या बाजूने एक जर्मन कैदी निसटून निजामाच्या मुलखात शिरला अशी आवई आहे, गोरा, उंच, मिशाळ इसम दिसल्यास अडकवून ठेवावा आणि तातडीने कळवावे, कसूर झाल्यास पाटील जबाबदार. हुकूम उर्दूत. तो आमच्या पटवारी राधाकिशनने वाचून दाखवला. राधाकिशनचे उर्दू असे आहे की तो आधी शब्द वाचतो, मग आभाळाकडे बघतो, मग दुसराच शब्द सांगतो. त्याने 'मुच्छल', म्हणजे मिशाळ, याच्या जागी 'मशाल' वाचले. त्यामुळे पहिले दोन दिवस आम्ही मशाल घेऊन फिरणारा गोरा शोधत होतो.

शनिवारी सकाळी गावचा जागल्या सटवा धापा टाकत आला. म्हणाला, "पाटील, चला, वढ्याच्या कडंला गोरा बसलाय, आन त्याच्यापाशी तोफ हाय." मी विचारले, केवढी तोफ? तो म्हणाला, "रेडकाएवढी. काळ्या कातड्यात गुंडाळलीय." दादा, आपल्याला माझा स्वभाव ठाऊक आहे, मी भित्रा नाही, पण रेडकाएवढ्या तोफेपुढे रिकाम्या हाताने जाणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून मी भिंतीवरची आजोबांची तलवार काढली. ओढ्यावर पोचल्यावर ती म्यानातून निघेना. (तिसेक वर्षे ती निघाली नव्हती, हे मला आधी आठवायला हवे होते.) शेवटी म्यान सटवाने धरले, मूठ मी धरली, आणि आम्ही दोघे रस्सीखेच करत असताना तो गोरा स्वतःच उठला, टोपी काढली आणि म्हणाला, "सलाम जी. मैं मदद करूँ क्या?" इतके स्वच्छ दखनी बोलणारा जर्मन पाहून आमची खात्रीच पटली की हा पक्का बनेल आहे. आम्ही त्याला तिथेच पकडला. म्हणजे त्याने तलवार म्यानातून काढून दिली, मग पकडला.

त्याचे म्हणणे असे: तो जर्मन नव्हे, इटालियन. हैदराबादेत बारा वर्षे झाली. धंदा बॅण्डमास्तरचा. एका जागीरदारांच्या घरी लग्न आहे, तिथल्या वाजंत्र्यांना शिकवायला बीडला निघालेला. बार्शीपर्यंत आगगाडी, पुढे टांगा. टांग्याचा आस इथे मोडला, टांगेवाला सुतार शोधायला गेला तो गेलाच. ट्रंक आणि सगळे कागद कालच बैलगाडीने पुढे गेलेले. आणि तोफ म्हणजे पितळी भोंगा, फुंकून वाजवायचा. आम्ही यातले एक अक्षर खरे धरले नाही. ज्याचे कागद पुढे गेले आणि माणूस मागे राहिला, त्याच्यावर कोण विश्वास ठेवील? त्याला चावडीत आणला, अमीनसाहेबांकडे सांडणीस्वाराच्या थाटात सटवाच्या मेहुण्याला पायी पिटाळला, आणि जबानी लिहायला बसलो.

नमुन्यात रकाने असतात: नाव, बापाचे नाव, कौम, पेशा, राहण्याचे ठिकाण. नावापाशीच गाडे रुतले. तो म्हणाला, विन्चेन्झो एस्पोझितो. राधाकिशनने विन्चेन्झोचा 'विंचू' केला आणि पुढे 'जी' लावून आदर राखला. पण आडनाव त्याच्या लेखणीत मावेना. तीन कागद फाडले. शेवटी तो म्हणाला, "पाटील, ह्याचा अर्थ इचारा, अर्थ लिवतो, जीव सुटंल." मी विचारले. गोरा जरा हसला आणि म्हणाला, "माना ऐसा है जी: बाहर रक्खा हुआ." राधाकिशनने झटक्यात लिहिले: विंचूजी, बाहेर टाकलेला. आता आपणच सांगा, याचा अर्थ आमच्यासारख्याने काय घ्यावा? मी घेतला तो असा की हा वाळीत टाकलेला इसम आहे, याच्या मुलखाने याला कसल्यातरी कर्माबद्दल हाकलून दिले आहे. मी त्याला दरडावून विचारले, कुणी टाकला, कशासाठी टाकला? तर तो म्हणाला, मला नव्हे हो, माझ्या आज्याला. आणि कशासाठी ते आज्यालाही ठाऊक नव्हते, कारण तेव्हा आज्याचे वय एक दिवसाचे होते.

मग त्याने जे सांगितले ते मी जसेच्या तसे लिहितो, कारण आपल्याला जगाच्या वार्ता ऐकण्याची हौस आहे. त्याच्या गावाचे नाव नापोली. समुद्राकाठचे मोठे शहर. तिथे एका मोठ्या देवळाला लागून अनाथ लेकरांचे घर आहे. त्याच्या भिंतीत पूर्वी एक लाकडी फिरते कपाट होते, अर्धे रस्त्याच्या बाजूला, अर्धे आत. ज्या आईला लेकरू सांभाळणे शक्य नसे, मग गरिबी असो की आणखी काही, ती लेकरू त्यात ठेवी, कपाट फिरवी, घंटा वाजवी आणि निघून जाई. कोण आली, कोण गेली, कुणी विचारायचे नाही असा रिवाज. आतली माणसे लेकरू घेत, नाव ठेवत, आणि आडनाव नसायचेच, म्हणून वहीत लिहीत 'एस्पोझितो'. त्यांच्या जुन्या भाषेत, म्हणजे त्यांच्या संस्कृतात म्हणा, त्याचा अर्थ बाहेर ठेवलेला. पुढे शंभर वर्षांमागे तिथल्या राजाला वाटले की या आडनावामुळे लोकांना जन्मभर खाली बघावे लागते, म्हणून त्याने हुकूम काढला, इथून पुढे कुणाला हे आडनाव द्यायचे नाही. पण तोवर ही आडनावाची माणसे इतकी झाली होती, त्यांना लेकरे, लेकरांना लेकरे, की हुकूम राहिला बाजूला. आज त्या शहरात सगळ्यांत जास्त आढळणारे आडनाव हेच. साहेब म्हणाला, भर बाजारात उभे राहून एस्पोझितो म्हणून हाक मारली तर मासेवाला वळून बघतो, वकील बघतो, आणि तिकडच्या फौजदाराने बघितले तरी आपण पळायची गरज नाही, त्याला वाटते त्याचा चुलतभाऊ हाक मारतोय.

राधाकिशन म्हणाला, "म्हंजी आपल्याकडं पाटील असतेत तसं." मी म्हणालो, तसे अजिबात नव्हे. पण दादा, मला घाम फुटला होता. कारण हे सगळे ऐकत चावडीच्या उंबऱ्यावर छबू उभी होती, कैद्याची भाकरी घेऊन.

छबूला तिची हकीकत लहानपणापासून ठाऊक आहे. आपल्या बहिणीने तिच्यापासून काही लपवले नाही. लपवतो तो मी, आणि तेही बाहेरच्यांपासून. पाच स्थळे आली आणि पाचही, गोत-कूळ विचारून, सुपारी न फोडता उठली. म्हणून सहाव्याला मी सांगून टाकले होते की पोरगी आमच्याच भावकीतली. हे सहावे स्थळ पालीचे भगवानराव. घरची बागाईत, माणूस थोडा बोलणारा, मुलगा शहादेव कष्टाळू आणि सरळ. (शहादेव दोनदा नेकनूरच्या बाजाराला आला आणि दोन्ही वेळा आमच्या वाडीवरून गेला. पालीहून नेकनूरला जाताना आमची वाडी लागत नाही, हे आपण जाणताच.)

तर छबूने भाकरी ठेवली, ठेचा ठेवला आणि साहेबासमोर बसून विचारले, "त्या कपाटाच्या आतल्या अंगाला कोन बसायचं?" साहेब म्हणाला, एक बाई कायम बसलेली असे, घंटेची वाट बघत. छबू तडक उठली. घरी जाऊन तिने ते आईला सांगितले असावे, कारण त्या दिवसापासून साहेबाच्या भाकरीवरचे तूप दुप्पट झाले आणि माझ्या भाकरीवरचे दिसेनासे झाले. ठेच्याने मात्र साहेबाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. गावातल्या बायका म्हणाल्या, बिचाऱ्याला आई आठवली.

असे तीन दिवस गेले. मंगळवारी भगवानराव मुलगी पाहून शेवटचे बोलणे करायला दुपारी यायचे होते. माझा बेत असा होता की त्यांना परस्पर घरी न्यायचे, चावडीचा आणि कैद्याचा वारा लागू द्यायचा नाही. पण त्या सकाळी राधाकिशनला बुद्धी सुचली. तो म्हणाला, हा खराच बॅण्डमास्तर असेल तर वाजवून दाखवू दे, तोफ असेल तर फुटेल, एकदा सोक्षमोक्ष होऊ द्या. साहेबाला तेच हवे होते. त्याने भोंगा बाहेर काढला, अंगाभोवती अजगरासारखा घेतला, गाल फुगवले आणि फुंकला. दादा, तो आवाज मी कागदावर लिहू शकत नाही. पहिल्या स्वराला कावळे उडाले. दुसऱ्याला सटवा चावडीच्या खांबाला मिठी मारून बसला. आणि तिसऱ्या स्वराच्या वेळी, दुपारी यायचे ते भगवानराव सकाळीच ओढ्याच्या उतारावर पोचले होते. त्यांच्या दमणीच्या बैलांनी कान टवकारले, शेपट्या उचलल्या आणि रस्ता सोडला. दमणी ओढ्यात आडवी झाली. बैल शाबूत, गाडीवान शाबूत, भगवानरावही शाबूत. पण पागोट्यापासून जोड्यापर्यंत चिंब, आणि डाव्या मिशीत शेवाळ.

ते तसेच निथळत चावडीत आले. मला वाटले, आता माझ्या नरड्याला हात घालतात. ते एवढेच म्हणाले, "पाटील, ह्यो कोन वरडला?" मी बोट दाखवले. साहेब लाजून उभा राहिला आणि चूक कबूल केली. मी भगवानरावांना माझे कोरडे धोतर दिले, पागोटे चिंचेच्या फांदीवर वाळत टाकले, आणि सोयरीक करायला आलेला व्याही माझ्याच धोतरात चावडीच्या ओट्यावर उन्हात बसला. त्यांना घरी चला म्हणून विनवले तर म्हणाले, "हितंच बसतो, ऊन चांगलं हाय." आणि नेमकी त्याच वेळी छबू साहेबाची भाकरी घेऊन आली. दुपारी जरीकाठी लुगडे नेसून, पदर डोक्यावर घेऊन, पाट मांडून दाखवायची मुलगी ती, कोपरापर्यंत पिठाचे हात, तशीच समोर! मी डोळ्यांनी खुणावले. तिने बघितले आणि बघितले नाही असे केले.

भगवानराव साहेबाकडे निरखून बघत होते. म्हणाले, "नाव काय म्हनलं ह्यांचं?" साहेबाच्या तोंडात भाकरी. तेव्हा छबूनेच सांगितले. नाव सांगितले, अर्थ सांगितला, भिंतीतले कपाट, घंटा, आतली बाई, राजाचा हुकूम, सगळे सांगितले, आणि माझ्यापेक्षा नीट सांगितले. भगवानराव मिशीतले शेवाळ काढत ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "मंग आसल्या घरात सोयरीक कोन करतं?"

साहेबाने घास गिळला. म्हणाला, "कौन करता? सब करते जी! मेरी बहन का मरद वकील का बेटा. पूछने लगे तो हमारे शहर में आधी शादियाँ बंद हो जातीं."

"कुनीच इचारत न्हाई?"

"शुरू में पूछते होंगे. फिर थक गए."

भगवानराव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मी विषय हुरड्याकडे वळवायला तोंड उघडले, तर छबू पुढे झाली. उभीच राहिली, पदराला हात पुसत. म्हणाली, "मी बी तीच हाय. एस्पोझितो. मला दुष्काळात नेकनूरच्या वाटंला बाभळीखाली ठिवलं व्हतं. आबा तुमाला सांगत न्हाईत, त्यांना भ्या वाटतं. उद्या लगीन झाल्यावर कळण्यापरीस आज कळलेलं बरं. नको वाटत आसंल तर तसं म्हना, मी रडणार न्हाई."

दादा, त्या क्षणी मला काय वाटले ते कसे लिहू? पहिल्यांदा वाटले, धरणीने पोटात घ्यावे. मग वाटले, ही पोर माझी आहे. सटवा खांबाआडून बघत होता. राधाकिशनने दौतीचे झाकण लावले, उघडले, पुन्हा लावले. पोर उभी होती, आणि केव्हाच पुसून झालेले हात पुन्हा पुन्हा पदराला पुसत होती.

भगवानराव म्हणाले, "पोरी, हे मला ठाव हाय. पाली काय काशीला हाय व्हय? निम्म्या बीडला ठाव हाय." मग माझ्याकडे वळले. "पाटील, मी तुमच्याकडं तीनदा आलो. तीनदा तुमी पोरीचं कूळ सांगितलं, आन तीनदा येगळं सांगितलं. एकदा म्हनलात भावकीतली, एकदा साडूची, आन मागल्या खेपंला तर मावसभनीच्या नंदेची. म्हनलं चवथ्यांदा जावं, बघावं आता कुठवर पोचतात."

 शेवटी मी जे सोळा वर्षे कुणाला सांगितले नव्हते ते सांगितले. (काय ते पुढे लिहीन, धीर झाला तर.) भगवानराव म्हणाले, "आमच्या घरच्या सरस्वतीबाईला मी म्हनलं व्हतं, पोरगी कुनाची का आसंना, पन खोटं बोलून देत्यात, ह्ये बरं न्हाई. आता पोरगीच खरं बोलली. तुमचं काय न्हाई, पाटील, पन पोरीचं आमाला पसंत हाय." एवढे बोलून त्यांनी आपल्या भिजल्या धोतराच्या कनवटीतून सुपारी काढली. ती फुगली होती. तरी फोडली. साहेबाने उठून टाळ्या वाजवल्या, त्याला वाटले लग्न लागले. भगवानरावांनी फक्त एक गोष्ट मागितली. ती किरकोळ आहे, पुढे लिहीन.

सुपारी तोंडात आहे तोच घोड्याच्या टापा. अमीनसाहेबांचा स्वार. आता पाटीलकी गेली म्हणून मी मनातल्या मनात भिंतीवरून तलवार उतरवून ठेवली. लखोटा राधाकिशनने फोडला. वाचू लागला: "हिवरवाडीच्या पाटलाला... गिरफ्तार..." आणि आभाळाकडे बघू लागला. तो किती वेळ बघत होता मला ठाऊक नाही; माझ्या डोळ्यांसमोर चिंच, भगवानराव आणि माझे वाळत टाकलेले आयुष्य एकदमच फिरत होते. शेवटी साहेबानेच कागद ओढून वाचला, त्याला उर्दू येत होते. मजकूर असा: पाटलाने गिरफ्तार केलेल्या इसमाचे कागद बीडला पोचले असून ते बरोबर आहेत, इटलीचा मुलूख लढाईत आपल्याच बाजूचा आहे, जर्मन निसटल्याची आवई खोटी निघाली, सबब पाहुण्यास इज्जतीने रवाना करावे, आणि पाटलाने दाखवलेल्या दक्षतेबद्दल कचेरी खूश आहे. दादा, मी चावडीच्या पायरीवर बसलो आणि हसू लागलो. थांबवता येईना. छबूने पाणी आणले. ते मी अर्धे प्यालो आणि अर्धे डोक्यावर ओतून घेतले.

साहेबाला भगवानरावांच्याच दमणीतून, ती सुलटी करून, पुसून, बीडला पोचता केला. निघताना त्याने तुळजाबाईला वाकून सलाम केला, तिने त्याला ठेच्याचे मडके दिले. छबूला त्याने दोन्ही हात जोडून 'एस्पोझितो बाई' म्हटले आणि तीही तोऱ्यात म्हणाली, "बोला, सायेब." वाडी हसली. ओढा ओलांडेपर्यंत बैल बुजतील म्हणून त्याला भोंगा वाजवू दिला नाही. पलीकडे गेल्यावर मात्र त्याने एक लांब, सावकाश सूर काढला, आणि खरे सांगतो, तो ऐकायला वाईट नव्हता.

तर अशी ही हकीकत. सगळे निर्विघ्न पार पडले, कुणाचे काही बिघडले नाही, काळजीचे काही उरले नाही. गुडघ्याला निर्गुडीचा पाला गरम करून बांधत जावा. लहानथोरांस यथायोग्य सांगावे. आपला,

सुंदरराव

ता. क. काळजीचे काही उरले नाही असे वर लिहिले, त्यात भगवानरावांची किरकोळ गोष्ट राहिली. लग्न माघ शुद्ध दशमीला धरले आहे. भगवानराव म्हणाले, "आमच्या भावकीची तोंडं मी धरीन, पन अंतरपाटाच्या येळंला पोरीच्या पाठीशी मामा उभा पायजे. खरा मामा. आष्टीचे धर्मराजराव उभे ऱ्हायले तर कुनाच्या तोंडातून सबूद निघायचा न्हाई." म्हणजे सगळे ठरले आहे, आणि सगळे आपल्यावर अडले आहे.

ता. क. दुसरा. आपण येणार असे मी त्यांना सांगून टाकले आहे. (होय, पुन्हा. सवय जात नाही.)

ता. क. तिसरा. दादा, दुष्काळाच्या साली आपण विचारलेत, ही कुणाची पोर घरात आणलीत, तेव्हा मी म्हणालो, आपल्या बहिणीचा हट्ट, मी काय करू. आपण तिच्यावर रागावलात, तिचे माहेर तुटले, आणि ती एका शब्दाने बोलली नाही. ते खोटे होते. त्या दिवशी बाभळीखालून पोर उचलून घरी आणली ती मी. तुळजाबाई म्हणाली होती, धान्याचा कणगा रिकामा आहे, तिघांना कसे पुरेल, आणि मी रडलो म्हणून तिने पोर मांडीवर घेतली. आपल्यासमोर ते कबूल करायची मला लाज वाटली. राग धरायचाच तर माझ्यावर धरा, तिच्याशी बोला.

हा मजकूर आत्ता तिला वाचून दाखवला. ती डाळ निवडत होती. सुपातून मान वर न काढता म्हणाली, "सोळा वरसं लागली व्हय हे लिवायला?" मग डाळ पाखडली, खडे बाहेर फेकले. आता म्हणते आहे, "लिवा, दादाला म्हनावं, यायची वाट तीच हाय."